निवडणूक न लढवलेले न्यायमूर्ती

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याने पश्चिमेस निघाले की आंबा घाटाच्या अलीकडे शाहूवाडी तालुका लागतो. एकोणिसाव्या शतकात या मुलखाचा बराच भाग विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीत मोडत असे. मलकापूर हे त्या जहागिरीचे मुख्य ठाणे होते आणि जहागीर कोल्हापूर दरबारची मांडलिक होती. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि या डोंगराळ भागातील पक्षकारांना अपिलासाठी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. त्याच उच्च न्यायालयाच्या पीठावर १८९३ मध्ये विराजमान झालेले महादेव गोविंद रानडे यांचे बालपण कोल्हापूर संस्थानातच गेले होते. पुढे वयाच्या पंचविशीत ते त्या संस्थानचे न्यायाधीशही झाले. न्यायमूर्ती ही पदवी महाराष्ट्राने त्यांच्या नावाला कायमची जोडली. परंतु त्या पदवीपर्यंतची वाट किती लांबची होती, याचे स्मरण सहसा केले जात नाही.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, निफाडचा. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत आले आणि मुलाच्या शिक्षणाचा आरंभ तेथेच झाला. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेले. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांत ते होते. १८६२ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तीत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासमवेत रानडे यांचेही नाव होते. एम. ए. आणि कायद्याची पदवी त्यांनी १८६६ पर्यंत संपादन केली. अतिवाचनाने दृष्टी अधू झाली, ती जन्मभर तशीच राहिली.

१८६७ मध्ये कोल्हापूरचे न्यायाधीशपद त्यांच्याकडे आले. राजाराम महाराज नुकतेच दत्तक येऊन गादीवर बसले होते, ते अल्पवयीन होते आणि कारभारावर ब्रिटिश पोलिटिकल एजंटची देखरेख होती. ज्या गावात लहानपण गेले, वडिलांचा स्नेहपरिवार ज्या गावात, तेथेच न्यायासनावर बसणे ही सोपी गोष्ट नव्हे. या काळातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रकथेत सांगितला जातो. दाव्यातील एका परिचित पक्षकाराने गोविंदरावांमार्फत आपली कागदपत्रे घरीच पाहावीत, असा आग्रह धरला. रानडे वडिलांचा शब्द कधी मोडत नसत. तरीही त्यांनी ती कागदपत्रे पाहिली नाहीत. पुढे वडिलांना त्यांनी नम्रपणे कळविले, की असे घडू लागल्यास आपल्याला येथून बदली मागून घ्यावी लागेल. गोविंदरावांनी पुन्हा कोणाची शिफारस केली नाही. वर्षभरातच रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक म्हणून मुंबईस परतले आणि कोल्हापूरचा हा अध्याय संपला.

१८७१ मध्ये ते पुण्यास प्रथम वर्गाचे सबजज्ज म्हणून आले. त्या काळी जिल्हा न्यायाधीशाची खुर्ची सिव्हिल सर्व्हिसमधील गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी जवळपास राखीवच असे. एतद्देशीय माणूस कितीही विद्वान असला तरी सबजज्जीच्या पायरीवर वर्षानुवर्षे थांबे. रानडेही थांबले. मात्र कोर्टाच्या वेळेबाहेर त्यांनी जे केले, त्याने पुण्याचे सार्वजनिक जीवन बदलले.

त्यांच्या आगमनाच्या वर्षभर आधी, २ एप्रिल १८७० रोजी, पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका तिचे चालक होते. या सभेची घटना मोठी विलक्षण होती. किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्याशिवाय कोणाला सभासद होता येत नसे. सुमारे ६ हजार लोकांच्या वतीने ९५ सभासद, असा तिचा आरंभ झाला. सरकारने मताचा अधिकार देण्यापूर्वीच पुणेकरांनी आपापल्या प्रतिनिधींना लेखी अधिकार दिला होता. ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानचे प्रतिनिधी असावेत, असा अर्ज या सभेने १८७५ च्या सुमारास विलायतेस धाडला. सभेच्या अर्जांमागे आणि १८७८ मध्ये निघालेल्या तिच्या इंग्रजी त्रैमासिकामागे लेखणी बहुतांशी रानडे यांची असे. सरकारी नोकर असल्याने नाव मात्र नसे.

नाव नसले तरी सरकारला ते माहीत होते. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. पुढल्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला आणि रानडे यांना तातडीने धुळ्यास हलविण्यात आले. तेथे त्यांचा टपाल फोडून वाचला जाई. बंडवाल्यांच्या नावाची बनावट पत्रेही त्यांच्याकडे येऊ लागली. ती ते पोलिसांच्या स्वाधीन करीत. ज्याने आयुष्यभर कायद्याखेरीज दुसरा मार्ग सुचविला नाही, त्याच्यावर ही पाळत! रानडे यांनी तक्रार केली नाही. त्यांच्या या संयमाला कोणी भित्रेपणा म्हटले, कोणी धोरण. धुळ्यातील त्यांचे वागणे पाहता पहिला आरोप टिकत नाही.

१८८१ मध्ये ते पुण्यास परतले. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव जाहीर केला आणि १८८४ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत लोकनियुक्त सभासद घेण्याची वाट मोकळी झाली. पुण्यात यावरून दोन तट पडले. सभासद सरकारनेच नेमावेत, असे म्हणणारेही थोडेथोडके नव्हते. विद्वान शिक्षक महादेव मोरेश्वर कुंटे यांनी जाहीर व्याख्यानांतून रानडे यांच्या पक्षावर तुटून पडण्याचा सपाटा लावला. तेव्हा रानडे स्वतः श्रोत्यांत जाऊन बसले, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि व्याख्यान संपल्यावर वक्त्यालाच आपल्या गाडीत घेऊन परतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदविला आहे. वादाची धार त्यानंतर ओसरली. स्वतः उमेदवार होणे सबजज्जाला शक्यच नव्हते. लढा होता तो इतरांना निवडून देण्याच्या हक्कासाठी.

न्यायाधीश म्हणून त्यांचे सर्वांत मोलाचे काम १८८७ नंतरचे. १८७५ मध्ये सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे पेटले होते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. खतावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ रक्कम किती, व्याज किती, हिशेब कसा फुगला याची चौकशी करण्याचा अधिकार या कायद्याने कोर्टाला मिळाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतील दुय्यम कोर्टांवर देखरेखीसाठी स्पेशल जज्ज असे आणि ते पद रानडे यांच्याकडे आले. वर्षातील कित्येक महिने ते गावोगाव फिरत, निकालांची कागदपत्रे तपासत. भारतीय शेतीच्या अर्थकारणावरील त्यांच्या लेखनाला या फिरतीचे मोठे पाठबळ होते. जिल्ह्याचा कायम न्यायाधीश होणे नशिबी नसलेल्या माणसाकडे एकाच वेळी चार जिल्ह्यांची कोर्टे आली, हा योगही नमूद करण्याजोगाच.

१८८५, १८९० आणि १८९३ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलवर होते, पण सरकारनियुक्त सभासद म्हणून. सप्टेंबर १८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे अकाली निधन झाले आणि त्यांच्या जागी रानडे यांची नेमणूक झाली. तेलंग त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान होते आणि चार वर्षे आधीच त्या पीठावर पोहोचले होते.

उणिवाही होत्या. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता असलेल्या या सुधारकाने प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. कोल्हापुरात कागदपत्रांच्या बाबतीत दाखविलेला ठामपणा येथे दिसला नाही. त्या मुलीला त्यांनी शिकविले आणि ती पुढे सेवासदनची रमाबाई झाली, हे खरे. तथापि टीकाकारांचा मुद्दा त्याने खोडला जात नाही.

आणि १८९५ मध्ये निवडणूक त्यांच्या घरच्याच अंगणात आली. सार्वजनिक सभेच्या कार्यकारी मंडळाच्या निवडीत लोकमान्य टिळक यांच्या बाजूने बहुमत गेले आणि रानडे यांच्या पक्षाच्या हातून सभा निसटली. ज्या संस्थेसाठी पंचवीस वर्षे निनावी लेखणी झिजविली, ती मतांच्या बळावर गेली. त्यांनी सभेवर दावा सांगितला नाही; १८९६ मध्ये डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. या पराभवाचे मोजमाप इतिहासकार आपापल्या पक्षाप्रमाणे करतात. नियमानुसार झालेली निवड त्यांनी मानली, एवढे निर्विवाद.

त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांचेही शालेय शिक्षण कागल आणि कोल्हापुरात झालेले. गोखले १८९९ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून आले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे मुंबईत निधन झाले. त्याच वर्षी गोखले यांची व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलवर निवड झाली.