जावजी दादाजी: शिशाचे खिळे ते मोबाईलचा फॉन्ट

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव शिरूर तालुक्यातलं केंदूर. मध्यंतरी आमच्या टीमने रेसिपीचं एक ॲप बनवलं. सुट्टीत घरी गेलो आणि मोठ्या कौतुकाने ते आईच्या फोनमध्ये टाकून दिलं. आई गॅसपाशी उसळ करत होती. तिने स्क्रीन पाहिली आणि विचारलं, की यात मटका कशाला हवा? बघतो तर काय, 'मोड आलेली मटकी'चं 'माड आलला मटका' झालेलं!

कारण साधं होतं. ओळीची उंची मी इंग्रजी अक्षरं बघून ठरवली होती. आईने फॉन्ट मोठा ठेवलेला, त्यामुळे शिरोरेघेच्या वरचं सगळं कापलं गेलं. खरं सांगायचं तर हा बग मला आधीच माहीत होता. मराठीत कितीजण वाचणार, असं म्हणून मीच तो मागे टाकला होता.

त्या रात्री देवनागरी छपाईबद्दल वाचत बसलो आणि जावजी दादाजी सापडले.

जन्म १८३९ चा, घरची गरिबी, शाळा फारशी नाही. दहाएक वर्षांचे असताना ते मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये कामाला लागले. काम काय? टाईप घासून गुळगुळीत करायचे. तिथे टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली ते टाईप बनवण्याची कला शिकले. पुढे इंदुप्रकाशसारख्या छापखान्यांत काम केलं आणि १८६४ मध्ये टाईप ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला.

आता हे टाईप, म्हणजेच खिळे, बनायचे कसे ते बघू. आधी पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटं कोरायचं. तो तुकडा तांब्यावर ठोकला की साचा तयार. त्या साच्यात वितळलेला धातू ओतायचा. धातूत शिसं जास्त, कडकपणासाठी अँटिमनी आणि थोडं कथील. मसाल्यासारखंच आहे हे, प्रमाण चुकलं की काम बिघडलं. इंग्रजीचं थोडक्या खिळ्यांत भागतं. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असं सगळं लागतं, म्हणजे शेकडो खिळे! मित्र राणोजी रावजी आरू अक्षरं कोरायचे. दोघांनी मिळून देवनागरीला सुबक वळण दिलं.

१८६९ मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. तिथून पंचांग निघालं, १८८१ पासून मुलांसाठी 'बालबोध' मासिक निघालं, आणि पुढे 'काव्यमाला' या मालेतून जुने संस्कृत ग्रंथ छापले गेले. स्वच्छ अक्षर आणि शुद्ध छपाई यासाठी निर्णयसागरचं नाव झालं. १८९२ मध्ये जावजी गेले. मुलगा तुकाराम याने काम पुढे चालवलं.

मला यातली एकच गोष्ट लागली. जावजींची सुरुवात वाचकाला कधीच न दिसणाऱ्या कामाने झाली. पण खिळा नीट घासला नाही तर पानावर अक्षर फुटणारच. माझ्याकडे ना वितळलेलं शिसं होतं, ना पोलाद. फक्त एक आकडा बदलायचा होता, आणि मी तोही टाळला.

दुसऱ्या दिवशी तो आकडा बदलला. तुम्ही ॲप बनवत असाल तर एवढं करा: फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा ठेवा आणि 'मोड', 'मटकी', 'कुर्मा' हे शब्द नीट दिसतात का ते बघा. वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार, तिन्ही तपासले जातात.

आईचं विचाराल, तर उसळ तिला ॲपशिवायच येते. तरी आता ती अधूनमधून रेसिपी वाचते, आणि त्यात मटका येत नाही.