हिवतापाचे मूळ शोधणारा वैद्य : सर रोनाल्ड रॉस

ताप हा स्वतः रोग नव्हे. तो शरीरात शिरलेल्या शत्रूची वर्दी आहे. ही गोष्ट आज आपणांस सहज पटते. पण पूर्वी तापाची कारणे अंधारात होती. हुडहुडी भरून येणाऱ्या तापाला आपल्या लोकांनी हिवताप म्हटले, तर इटलीच्या लोकांनी दलदलीतील दूषित हवेला दोष देऊन त्याला मलेरिया हे नाव दिले. हा दोष हवेकडून काढून डासावर ठेवण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, ते सर रोनाल्ड रॉस.

त्यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. वडील हिंदुस्थानातील लष्करात अधिकारी होते. रोनाल्डचा ओढा काव्य, संगीत व गणित यांकडे होता; परंतु वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८८१ साली ते हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाले.

फ्रेंच वैद्य लाव्हरां यांना १८८० साली अल्जिरियात रोग्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसले होते. हे जंतू तांबड्या रक्तपेशींत वाढतात. त्या पेशी एकाच वेळी फुटल्या की थंडी, मग ताप व शेवटी घाम अशी पाळी येते. म्हणूनच हा ताप पुष्कळदा एक दिवसाआड किंवा दोन दिवसांआड उलटतो. रॉस यांचा प्रथम यावर विश्वास नव्हता. १८९४ साली रजेवर असताना डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना ते जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले आणि डासाविषयीचा आपला तर्कही सांगितला.

१८९५ साली परतल्यावर रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासांची चिरफाड आरंभिली. दोन वर्षे चुकीच्या जातीचे डास तपासण्यात गेली. ऑगस्टच्या उकाड्यातही त्यांना पंखा चालू करता येत नसे, कारण वाऱ्याने डास उडून जात. कपाळावरील घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. हुसेन खान नावाचा एक रोगी दर डासामागे एक आणा घेऊन आपले रक्त डासांना पिऊ देई. या गरीब माणसाचा वाटा विसरता येत नाही. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी, ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाच्या काळ्या रंगकणांनी युक्त अशा पेशी आढळल्या. रॉस यांनी या आनंदात कविता रचून परमेश्वराचे आभार मानले.

लवकरच त्यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली आणि काम खंडित झाले. पुढे कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून, जुलै १८९८ मध्ये त्यांनी हे जंतू डासाच्या लाळग्रंथींत पोहोचतात व दंशातून निरोगी पक्ष्यास रोग जडतो, हे दाखवून दिले. माणसाच्या हिवतापाचे चक्र त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केले. श्रेयावरून रॉस व ग्रासी यांच्यात कटू वाद झाला. मोठी माणसेही अशा मोहातून सुटत नाहीत. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु त्यांना पारितोषिकाहून मोठी चिंता होती. कारण कळल्यावरही माणसे मरत राहावीत, हे त्यांना सहन होत नसे. साचलेले पाणी काढा, डबकी बुजवा, डासांच्या अळ्या नष्ट करा, असा आग्रह ते सरकारांकडे धरीत राहिले. सुवेझ कालव्याकाठच्या इस्माइलिया गावी १९०२ साली त्यांच्या सल्ल्याने हे उपाय योजिले गेले आणि थोड्याच वर्षांत तेथील हिवताप जवळजवळ नाहीसा झाला. पण सर्वत्र तशी चिकाटी दाखविली गेली नाही. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

रॉस यांच्या जीवनाचा बोध घरोघरी आचरणात आणण्याजोगा आहे. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी, टाक्या व कुंड्या कोरड्या कराव्यात, मच्छरदाणी वापरावी, आणि थंडी वाजून ताप आला तर अंदाजाने गोळ्या न घेता विनाविलंब रक्त तपासून घ्यावे. हिवतापावर आज उत्तम औषधे आहेत; पण विलंब झाला तर तो प्राणघातक ठरतो, विशेषतः लहान मुले व गरोदर स्त्रियांना. आपल्या अंगणातील डबके शेजाऱ्याच्या बाळाला आजारी पाडू शकते, म्हणून ते बुजविणे ही शेजारप्रीतीच होय.