भट्टीवरून सिनेटपर्यंत : जेम्स डेव्हिस

सरकारी बांधकामाचे कंत्राट बहुधा सर्वांत कमी रकमेच्या निविदेला मिळते आणि ही काटकसर अनेकदा मजुराच्या रोजातूनच साधली जाते. या प्रकाराला आळा घालणारा अमेरिकेतील कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते जेम्स जॉन डेव्हिस स्वतः पोलाद कारखान्यातील कामगार होते.

वेल्समधील ट्रेडिगर येथे २७ ऑक्टोबर १८७३ रोजी त्यांचा जन्म झाला. १८८१ मध्ये कुटुंब अमेरिकेत, पेनसिल्व्हानियात आले. वितळलेले लोखंड भट्टीत ढवळून शुद्ध करण्याचे कष्टाचे काम ते लहानपणीच शिकले. पुढे इंडियाना राज्यातील एलवूड येथे त्यांनी कामगार संघटनेत जबाबदारीची पदे सांभाळली. १९२१ पासून हार्डिंग, कूलिज व हूवर या तीन अध्यक्षांच्या मंत्रिमंडळांत ते कामगारमंत्री होते. १९३० च्या अखेरीस ते सिनेटमध्ये गेले.

त्या वेळी मंदीने रोजगार आटले होते. बाहेरगावचा कंत्राटदार स्वस्त मजूर आणून स्थानिक कारागिरांचा दर पाडत असे. प्रतिनिधीगृहातील सदस्य रॉबर्ट बेकन १९२७ पासून याविरुद्ध विधेयक मांडत होते. त्यांच्या लाँग आयलंड मतदारसंघात माजी सैनिकांचे रुग्णालय बांधण्यासाठी अलाबामाच्या कंत्राटदाराने तिकडूनच कृष्णवर्णीय मजूर आणले होते. डेव्हिस यांनी सिनेटमध्ये हे विधेयक पुढे नेले आणि ३ मार्च १९३१ रोजी हूवर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. संघराज्य सरकारच्या पाच हजार डॉलरवरील इमारत कामांत त्या भागातील प्रचलित वेतन देणे बंधनकारक झाले. १९३५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोन हजारांवर आली आणि वेतनाचे दर निविदेपूर्वीच जाहीर होऊ लागले.

मात्र या कायद्याला एक काळी किनारही होती. बऱ्याच कामगार संघटनांची दारे तेव्हा कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यामुळे संघटित गोऱ्या कारागिरांचे रक्षण करताना कायद्याने या गरजू मजुरांची वाट अडवली, असा आक्षेप आजही घेतला जातो. त्या वेळच्या चर्चेतील काही सदस्यांची वर्णद्वेषी वक्तव्ये या आक्षेपाला बळ देतात.

डेव्हिस १९४५ पर्यंत सिनेटमध्ये राहिले. २२ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारने स्वस्ताई शोधावी, पण ती मजुराच्या ताटातून नव्हे, हे तत्त्व त्यांच्या कायद्याने रुजवले. त्याचा लाभ प्रत्येक मजुरापर्यंत पोहोचतो का, हा प्रश्नही त्या कायद्याबरोबरच मागे उरला.