सलीम अली : पाखरांच्या मागावर गेलेले आयुष्य

पंचशीलातील पहिले शील दररोजच्या वंदनेत उच्चारणाऱ्या आमच्या शाळेच्या स्मरणिकेत, ज्याने आयुष्यभर पाखरांवर बंदूक चालवली अशा माणसाचे चरित्र का यावे, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे चरित्र सांगताना तो बाजूला सारण्याची रीत आहे. आम्हाला ती पटत नाही.

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीच्या घरात वाढवले. मामा हौशी शिकारी. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली आणि मुलगा चिमण्या टिपू लागला.

दहा-बारा वर्षांच्या या मुलाने एके दिवशी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. असली चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. धर्माप्रमाणे हे पाखरू खाण्याला चालते की नाही, एवढीच शंका घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला संस्थेचे मानद सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. मिलर्ड यांनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि खणामागून खण उघडून पेंढा भरलेल्या शेकडो पाखरांचा संग्रह दाखवला. खाण्यापुरता पडलेला प्रश्न त्या दालनात जाणून घेण्याचा प्रश्न झाला. हीच रानचिमणी आपल्याकडील पानझडी झाडीतही असते. घरचिमणी समजून आपण तिच्याकडे पाहत नाही, इतकेच.

पुढचा मार्ग सरळ नव्हता. महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात तवाय येथे कुटुंबाच्या खाण व लाकडाच्या धंद्यात गेले. धंद्यापेक्षा भोवतीच्या जंगलातच त्यांचा जीव अधिक रमला. १९१७ साली परतल्यावर हिशेबशास्त्र शिकले, सोबत सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही. १९१८ च्या डिसेंबरात तहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा निघाली. परंतु विद्यापीठाची पदवी हाती नसल्याने ती त्यांना मिळाली नाही. आपण त्यांना सवयीने डॉक्टर म्हणतो, ती पदवी पुढे विद्यापीठांनी सन्मानाने दिलेली आहे. ज्यांच्या घरात शाळेची पायरी चढणारी पहिली पिढी अजून हयात आहे, अशा आमच्या वाचकांना या नकाराचे वजन सांगावे लागू नये. एक मात्र नोंदवले पाहिजे : पदवी नसली तरी अभ्यास चुकवता येतो, असा अर्थ त्यांनी कधी काढला नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी मिळताच दोन वर्षांत रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. हेलिगोलँड बेटावर त्यांनी जिवंत पाखरू जाळ्यात धरून, पायात क्रमांकाचे कडे चढवून सोडून देण्याची पद्धतही पाहिली.

१९३० साली परतले तेव्हा पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली होती. पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेली. तेथे पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांच्या नजरेस पडली आणि बेकारीचे ते महिने कारणी लागले. आपण या पाखराला सुगरण म्हणतो. बहिणाबाईंनीही खोपा विणणारी सुगरणच गायिली. सलीम अलींनी तासन् तास बसून पाहिले ते असे की खोपा विणतो तो नर. तो अर्धा झाला की माद्या येऊन पाहणी करतात, पसंत पडला तर एक मादी त्यात राहते, मग नर तो पुरा करतो आणि तिला अंड्यांवर सोडून दुसरा खोपा विणायला घेतो. नापसंत झालेले खोपे अर्धवट लोंबत राहतात. विहिरीवरच्या बाभळीला टांगलेले असे अर्धे खोपे परभणीच्या कोणत्याही शिवारात दिसतात. त्यांचा उलगडा करण्यासाठी बंदूक लागली नव्हती. चिकाटी लागली होती.

याच सुमारास त्यांनी एक योजना मांडली. देशातील संस्थानांच्या पाखरांची पद्धतशीर नोंद झालेली नव्हती. खर्च संस्थानाने सोसावा, आपण मेहनताना न घेता काम करू. पहिले मोठे संस्थान मिळाले ते निजामाचे हैदराबाद. १९३१-३२ मध्ये हे सर्वेक्षण झाले. परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता, म्हणजे आपल्या मुलखातील पाखरांची शास्त्रीय यादी ज्या कामातून आकारली, त्या कामाचे ते धनी. तहमिना छावणीची सारी व्यवस्था पाहत. ह्यू व्हिस्लर या जाणकाराच्या टिपणांसह हे वृत्त १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाठोपाठ कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर झाले. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही.

या साऱ्या मोहिमांत पाखरे मारली गेली, आणि थोडीथोडकी नव्हे. कातडे सोलून, पेंढा भरून, स्थळ-काळाची चिठ्ठी पायाला बांधून ती संग्रहात ठेवली जात. अभ्यासाला लागेल तेवढेच मारावे, हौसेखातर मारू नये, अशी त्यांची भूमिका होती. भरतपूरच्या सरोवरावर १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीसाठी एका दिवसात ४,२७३ पाखरे मारली गेली. ते आणि हे एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. अशा संग्रहांचा उपयोग कसा होतो, याचे उदाहरण इंग्लंडात मिळते. तेथे जुन्या संग्रहांतील अंड्यांशी तुलना करून १९६७ साली रॅटक्लिफ यांनी शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे दाखवले आणि त्यामागे डीडीटीसारखी कीटकनाशके असल्याचे पुढे सिद्ध झाले. कापसावर फवारणी करणाऱ्या आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट दूरची वाटू नये. तरीही मारणे ते मारणेच. उपयोगाने शीलभंगाचे स्वरूप बदलते असे म्हणण्यास आम्ही धजत नाही.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या कामाचे वळण. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्षिस्थलांतराचा मोठा प्रकल्प हाती घेतला, तो सलीम अलींच्या नेतृत्वाखाली. हेलिगोलँडला पाहिलेले कडे आता भारतीय पाखरांच्या पायात चढू लागले. पाखरू हातात यायचे आणि पुन्हा आकाशात जायचे. माहिती त्याच्या मरणावर नव्हे, जगण्यावर अवलंबून राहू लागली. ज्या भरतपूरवर शिकारी चालत, ते सरोवर राखण्यासाठी त्यांनी वजन खर्च केले. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. केरळातील सायलेंट व्हॅली धरणाखाली जाऊ नये यासाठीही ते उभे राहिले. १९७६ साली मिळालेल्या गेटी पुरस्काराच्या रकमेतून सोसायटीत निसर्गसंवर्धनाचा निधी सुरू झाला.

लेखनाचे कामही डोंगराएवढे. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक १९४१ साली निघाले आणि सामान्य माणसाच्या हाती पहिल्यांदा पाखरांची ओळख आली. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६४ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. पद्मभूषण, पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेची नियुक्ती, हे यथाक्रम आले. २० जून १९८७ रोजी, नव्वदी पार केल्यावर, त्यांचे निधन झाले.

अवध्य प्राण्यांची यादी करण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरवलेल्या स्तंभलेखात ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची नावे दिली, त्यांत पोपट, मैना, हंस यांच्याबरोबर चक्रवाकही आहे. हा केशरी अंगाचा पक्षी हिमालयापलीकडच्या उंच प्रदेशात वीण करून हिवाळ्यात मराठवाड्याच्या जलाशयांवर उतरतो. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून १२ नोव्हेंबर या सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या सुमारास येलदरीच्या काठावर किंवा गोदावरीच्या वाळूत पहाटे जाऊन बसावे. चक्रवाक जोडीने असतात, आणि माणूस हलला नाही तर बराच वेळ उडत नाहीत.