हजार चेहऱ्यांचा लॉन चेनी

वार्षिक स्नेहसंमेलनाची तारीख लागली की भुताखेतांच्या नाटुकल्यांना ऊत येतो. अलीकडे त्यात ‘झॉम्बी’ची, म्हणजे कबरीतून उठून चालणाऱ्या प्रेताची भर पडली आहे. मग बाजारात रबरी मुखवट्यांच्या किमती विचारल्या जातात, पालकांचा खिसा हलका होतो, आणि एवढे करून रंगमंचावर जे अवतरते ते पाहून प्रेक्षक घाबरण्याऐवजी हसतात. भयानक चेहरा खराखुरा दिसायला भरपूर पैसा लागतो, असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. तो खोटा ठरवणारा एक कलावंत शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेला. त्याची ओळख या अंकात आम्ही विद्यार्थी मित्रांना करून देत आहोत.

लॉन चेनीचा जन्म १ एप्रिल १८८३ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी झाला. आई आणि वडील दोघेही कर्णबधिर. वडील न्हाव्याचा व्यवसाय करीत. आईच्या वडिलांनी १८७४ साली त्याच गावात मूकबधिर मुलांसाठी शाळा सुरू केली होती. ती शाळा आजही चालू आहे. घरातली बोलीच खाणाखुणांची, त्यामुळे बोटे, भुवया, खांदे आणि डोळे यांनी बोलायला लॉन लहानपणीच शिकला.

तो चौथीत असताना आईला संधिवाताने अंथरुणाला खिळवले. तिची शुश्रूषा करण्यासाठी लॉनची शाळा सुटली. गावात दिवसभरात काय घडले, कोण कोणाशी भांडले, कोण कसा चालत होता हे सारे तो आईच्या उशाशी उभा राहून अभिनयाने दाखवी. एका शब्दाचाही उपयोग नव्हता. आईला कळले तरच नक्कल जमली, हीच त्याची परीक्षा. पुढे मूकपटांच्या काळात जगभरच्या प्रेक्षकांनी ज्या अभिनयाला दाद दिली, त्याचा सराव या आजारपणाच्या खोलीत झाला, असे आम्हांला वाटते.

गावच्या नाट्यगृहात सामानसुमान हलवणारा पोऱ्या म्हणून त्याने काम केले. १९०२ साली भावाबरोबर रंगमंचावर पाऊल टाकले आणि मग अनेक वर्षे तो फिरत्या नाटक मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडला. अशा मंडळीत नटाला पडेल ते काम करावे लागे. नाचावे, विनोदी पात्र रंगवावे, वेळ पडल्यास पडदेही ओढावेत. रंगभूषाही ज्याची त्यानेच करायची. चेनीला तिची गोडी लागली ती तिथेच.

१९१२-१३च्या सुमारास तो हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीत किरकोळ भूमिका करू लागला. चित्रपट कंपन्यांत तेव्हा आजच्यासारखा रंगभूषा विभाग नसे. दिग्दर्शकाला म्हातारा हवा की खलाशी, हे कळताच चेनी आपली पेटी उघडून तसा होऊन उभा राही. साहजिकच इतरांपेक्षा त्याला जास्त काम मिळे. पाच वर्षांत त्याने ढीगभर चित्रपट केले, पण पगारवाढ मागितली तेव्हा नकार मिळाला. तो कंपनी सोडून बाहेर पडला. लगेच १९१९ साली ‘द मिरॅकल मॅन’ आला. त्यात लुळापांगळा असल्याचे सोंग करून लोकांना फसवणारा भामटा त्याने केला आणि चेनीचे नाव सर्वतोमुखी झाले.

आता त्याच्या पेटीकडे वळू, कारण आमच्या वाचकांना खरी उत्सुकता तिचीच असणार. पेटीत होते काय? रंगाच्या कांड्या, कापूस, स्पिरिट गम, दाढीमिशांसाठी क्रेपचे केस, नाकाला आकार देण्याचे मेण, दात घडवायला गटापर्चा, ‘फिश स्किन’ नावाचा पातळ पारदर्शक पापुद्रा आणि कलोडियन हा चटकन वाळणारा चिकट द्राव. कापसाचा पदर लावायचा, त्यावर कलोडियन, पुन्हा कापूस, असे थर चढवून तो गालाची हाडे उंच करी. ‘मिस्टर वू’ (१९२७) या चित्रपटात शंभरीच्या म्हाताऱ्याची लांबलचक नखे त्याने चित्रपटाच्या फितीचे तुकडे रंगवून बनवली. ते पात्र चिनी होते. गोऱ्या नटाने असे चिनी सोंग घेणे आज योग्य मानले जात नाही, हेही इथे सांगायला हवे.

‘द फॅन्टम ऑफ द ऑपेरा’ (१९२५) मधला त्याचा कवटीसारखा चेहरा सर्वांत गाजला. त्यासाठी त्याने नाकाचा शेंडा वर ओढून बसवला, नाकपुड्यांच्या कडा गडद रंगवून त्या मोठ्या भासवल्या, डोळ्यांखाली काळिमा दिला आणि वेडेवाकडे दात लावले. त्या काळच्या बहुतेक फिल्मवर तांबडा रंग काळा उमटत असे. त्यामुळे आरशात दिसणारा चेहरा वेगळा आणि पडद्यावर दिसणारा वेगळा. चेनी पडद्यावरचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून रंग निवडी. चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत कंपनीने या चेहऱ्याचे एकही छायाचित्र बाहेर जाऊ दिले नाही.

या कामाची किंमत त्याच्या शरीराने मोजली. ‘द पेनल्टी’ (१९२०) मध्ये पाय तुटलेल्या गुंडाची भूमिका करताना त्याने दोन्ही पाय मागे दुमडून पट्ट्यांनी करकचून बांधले आणि गुडघ्यांवर चालला. वेदना इतक्या होत की ही बांधणी थोडाच वेळ सहन करता येई. ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ (१९२३) साठी पाठीवर प्लास्टरचे कुबड वागवले. कलेवरची निष्ठा म्हणून याचे कौतुक होते, पण आमच्या मते विद्यार्थ्यांनी त्याची निरीक्षणशक्ती घ्यावी, हे हाल घेऊ नयेत.

चेनीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याचा कुबडा क्वासिमोदो पहिल्यांदा दिसतो तेव्हा आपण दचकतो. पण चौकात फटके खाऊन तहानेने व्याकूळ झालेल्या त्याच क्वासिमोदोला कुणी पाणी पाजते, तेव्हा आपले डोळे भरून येतात. वेगळे दिसणाऱ्या किंवा वेगळ्या रीतीने बोलणाऱ्या माणसाकडे लोक कसे पाहतात, हे कर्णबधिर आईबापांच्या या मुलाने घरातूनच पाहिले असणार. म्हणूनच त्याच्या भयानक चेहऱ्यांमागे एक दुखावलेला माणूस असतो. एखाद्याच्या व्यंगाची टिंगल करून हशा मिळवणाऱ्या नाटुकल्यांनी हा धडा जरूर घ्यावा.

१९२९ साली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची चौदावी आवृत्ती निघाली. तिच्यातील रंगभूषेवरची नोंद लिहिण्याचा मान चेनीला मिळाला. चौथीत शाळा सुटलेल्या मुलाचा लेख जगातल्या नामांकित ज्ञानकोशात छापला गेला. शाळा सुटली म्हणून तो मोठा झाला, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. नाइलाजाने शाळा सुटल्यावरही त्याने शिकणे सोडले नाही, हे महत्त्वाचे.

तोवर बोलपट आले होते. चेनीने ‘द अनहोली थ्री’ (१९३०) हा एकच बोलपट केला. त्यात त्याने निरनिराळे आवाज काढले आणि ते सर्व आपलेच आहेत असे प्रतिज्ञापत्रही लिहून दिले. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याला गाठले होते. घशातील रक्तस्रावामुळे अखेरच्या दिवसांत त्याची वाचा गेली, आणि लहानपणी आईशी बोलत असे त्याच खुणांनी तो जवळच्या माणसांशी बोलला. २६ ऑगस्ट १९३० रोजी, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी, लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले. त्याची रंगभूषेची पेटी तेथील नॅचरल हिस्टरी म्युझियमने जतन केली आहे. त्याचा मुलगाही लॉन चेनी ज्युनियर या नावाने भयपटांचा प्रसिद्ध नट झाला.

झॉम्बी पडद्यावर आला तो चेनीच्या पश्चात. १९६८ साली पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा कृष्णधवल चित्रपट अगदी तुटपुंज्या भांडवलात काढला. त्यात रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले होते. प्रेक्षकांची घाबरगुंडी उडाली ती उडालीच.

आपल्या शाळेतील हौशी रंगभूषाकारांनीही हीच वाट धरावी. आधी विज्ञानाच्या पुस्तकातली कवटी नीट पाहा. डोळ्यांच्या खोबणी, कानशिले आणि गालाच्या हाडाखालचा खळगा गडद करा. कपाळ, नाकाचे हाड आणि हनुवटी फिकट ठेवा. एवढ्यानेच निम्मे काम होते. सोललेल्या त्वचेसाठी टिश्यू पेपरचा एकेक पदर त्वचेला चालणाऱ्या गोंदाने चिकटवा, वाळल्यावर फाडून कडा रंगवा. रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पुरतो. कोकोमुळे लाली भडक न राहता साकळल्यासारखी दिसते. कपड्यांवर मात्र डाग पडतात. कलोडियन आगीला पटकन धरते आणि त्वचा आवळते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. गोंद व रंग आदल्या दिवशी हातावर लावून पाहावेत, कारण काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. डोळ्यांजवळ काहीही चिकटवू नये आणि मोठे माणूस जवळ असावे.

आणि रंग लावण्यापूर्वी एकदा ठरवा की हा झॉम्बी मरण्याआधी कोण होता. टपालवाला, गवंडी की शाळेचा शिपाई? त्याची चाल, त्याच्या हातांची सवय तालमीत बसवा. पालकांना आणि विश्वस्तांना आमची एवढीच विनंती आहे की मुखवट्यांच्या पैशांत चांगले रंग, कापूस आणि एक मोठा आरसा घ्यावा. तो आरसा पुढच्या वर्षीच्या मुलांनाही उपयोगी पडेल.