महाद्वारीचे चोखोबा

आषाढी एकादशीच्या पुण्यपर्वावर चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा लोटतो. महाद्वाराशी आलेला वारकरी प्रथम नामदेवांच्या पायरीपाशी माथा टेकतो. त्या पायरीसमोरच एक समाधी आहे, ती संत चोखामेळा यांची. आजच्या मंगल दिनी आम्ही तेथे क्षणभर थांबू इच्छितो. परमेश्वर समदर्शी आहे असे आम्ही नित्य म्हणतो. त्या म्हणण्याची कसोटी येथेच लागते.

चोखोबा महार समाजात जन्मले. विदर्भातील मेहुणाराजा हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. आयुष्य मात्र मंगळवेढ्यास गेले. गावाची राखण करावी, मेलेली गुरे ओढावी, वेठीस धरतील तेथे राबावे, हे त्यांच्या वाट्यास आलेले जिणे. नामदेवांना त्यांनी गुरुस्थानी मानले आणि विठ्ठलभक्तीची वाट धरली. पत्नी सोयराबाई, भगिनी निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा हे सारेच अभंगकर्ते झाले. एकाच कुटुंबात पाच संतकवी निपजावेत, हे भाग्य विरळाच.

असा हा भक्त विठ्ठलाच्या देवळात मात्र पाऊल ठेवू शकला नाही. देवाने स्वतः त्यांना आत नेले, आपला कंठीचा हार त्यांच्या गळ्यात घातला आणि त्यापायी त्यांच्यावर चोरीचा आळ आला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ही कथा ऐकताना आमचे डोळे पाणावतात. परंतु ज्या भक्तासाठी देवाने दार उघडले, त्याच्यासाठी ते मुळात लावले कोणी, हा प्रश्न आम्ही सहसा विचारीत नाही.

तो प्रश्न त्या घराने विचारला. चोखोबांनी आपले दुःख देवापुढे आर्ततेने मांडले. विटाळातूनच साऱ्या देहांची घडण होते, मग सोवळा कोण, असे सोयराबाईंनी विचारले. कर्ममेळ्याने तर देवालाच धारेवर धरले. त्यांच्या भक्तीला या तक्रारीने उणेपणा आला नाही. ज्याच्या न्यायावर विश्वास असतो, त्याच्याच दारी माणूस गाऱ्हाणे नेतो.

शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता ते कोसळले आणि इतर मजुरांसह चोखोबा त्याखाली गाडले गेले. नामदेव तेथे धावले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला, त्या त्यांनी चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, असे परंपरा सांगते. त्या पंढरीस आणून महाद्वारी त्यांची समाधी बांधण्यात आली. देव आत आणि भक्त दाराबाहेर, हे अंतर मरणानंतरही राहिलेच.

ते दार चोखोबांच्या बांधवांसाठी उघडण्यास आणखी सहाशे नऊ वर्षे लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले, तेव्हा कोठे विठ्ठलमंदिर सर्वांस खुले झाले. पुढील वर्षी, १९४८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला.

या सहाशे वर्षांत विठ्ठल बदलला नव्हता. तो तेव्हाही समच होता. विषमता होती ती आम्हां माणसांची, आणि ती देवाच्या नावे खपविली गेली. म्हणून आज उपवास करताना, तुळस वाहताना, आम्ही आपल्या उंबरठ्याकडेही पाहावे. आमच्या घरी, आमच्या पंगतीत, आमच्या मनात अद्याप कोणी चोखोबा बाहेर उभा नाही ना? तसा कोणी असेल, तर त्याला आदराने आत घ्यावे. आजच्या एकादशीस विठ्ठलाची याहून मोठी पूजा आम्हांस ठाऊक नाही.