दगडांचे पत्ते लिहून ठेवणारे हिस्लॉप

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. ते 1883 मध्ये ज्यांच्या नावाने सुरू झाले, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी मध्य भारतातील जीवाश्मांची ओळख जगाला करून दिली, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. धर्मप्रसारक म्हणून ते 1845 मध्ये नागपुरात आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. कामानिमित्त गावोगाव फिरताना त्यांचे लक्ष खडकांकडे गेले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसर पिंजून काढला. टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला जुन्या तळ्याचा गाळ त्यांना सापडला. त्यात गोड्या पाण्यातील शिंपले, फळे, बिया, इतकेच काय, भुंग्यांच्या पंखांचे अवशेषही होते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाचे लोट वाहत असतानाही मधल्या काळात येथे जीवसृष्टी बहरत होती, याचा हा पुरावा.

नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली गावच्या दगडातून एका उभयचर प्राण्याची कवटी त्यांच्या हाती आली. तो प्राणी सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर हा शब्द घडवणारे रिचर्ड ओवेन यांनी 1855 मध्ये त्याला ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. ही कवटी आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. एका हिरवट खनिजालाही पुढे हिस्लोपाइट हे नाव मिळाले.

त्या काळी असा नमुना पाहायचा तर विलायत गाठावी लागे; नाहीतर छापील चित्रावर भागवावे लागे. आता संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत नमुन्याचे सीटी स्कॅन करता येते. रुग्णालयात वापरतात तेच हे तंत्र, फक्त अधिक बारकाईचे. नमुना किंवा यंत्र फिरवत क्ष-किरणांच्या शेकडो-हजारो प्रतिमा घेतात आणि संगणक त्यांतून त्रिमितीय प्रतिकृती तयार करतो. दगड न फोडता आतले हाड दिसते आणि ती फाइल कुठल्याही गावातील विद्यार्थी उघडू शकतो.

परंतु हा नमुना कोणत्या गावचा, कोणत्या थरातला, हे स्कॅनर सांगू शकत नाही. ते शोधणाऱ्यानेच लिहून ठेवावे लागते. हिस्लॉप यांच्या लेखांत टाकळी, मांगली, सिलेवाडा, कामठी अशी गावे थरांच्या क्रमासह येतात. त्यामुळेच दीडशेहून अधिक वर्षांनंतरही अभ्यासकांना त्या जागी पुन्हा जाता येते.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, भरून वाहणाऱ्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला चारच दिवस उरले होते. आदिवासी समाजांवरील त्यांची अपुरी टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली. नागपुरातील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच स्थापन झाला. शेतात, नाल्यात किंवा खाणीत वेगळा दगड दिसला तर तो उचलण्याआधी जागेचा फोटो घ्यावा, गाव व तारीख लिहावी आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. पत्ता हरवलेल्या दगडाचे निम्मे ज्ञान वाया गेलेले असते.